यादीबाहेरचा शब्द

तिनं सुताराच्या कानामागे मशीन बसवलं, नळी नीट बसली का ते बोटानं चाचपून पाहिलं आणि बारीकसं बटण दाबलं. सुतारकाका दचकले. उभा जन्म करवतीच्या यंत्रापाशी गेलेला, आणि त्यापायी गेली दहा वर्षं कानांनी दगा दिलेला.

"काकू, काहीतरी बोला ना," ती त्यांच्या बायकोला म्हणाली. पहिला शब्द ती नेहमी घरच्यांनाच बोलायला लावायची.

काकू गांगरल्या. मग सवयीनं घसा ताणून म्हणाल्या, "अहो, ऐकू येतंय का?"

"अगं, ओरडतेस काय! बहिरा आहे का मी?"

झालं! खोलीत एकच हशा पिकला. त्यांची मुलगी हसता हसता रडायला लागली. काकूंनी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. "दहा वर्षं तुम्हाला काय काय बोलले, ते सगळं आता नव्यानं ऐकवते, थांबा."

हे रोजचंच होतं. माणसं या खोलीत मान खाली घालून यायची आणि लहान मुलांसारखी नाचत जायची. एके काळी तिलाही त्यांच्याबरोबर नाचावंसं वाटे. आठ महिन्यांपूर्वी तो गेला, तिचा होणारा नवरा. चालताबोलता गेला, लग्न दोन महिन्यांवर असताना. तेव्हापासून असं हसू कानावर पडलं की ती टेबलावरचे कागद आवरायला लागायची. हेवा वाटत नव्हता असं कसं म्हणावं? वाटायचा. मग स्वतःचीच लाज वाटायची.

आता चाचणी. काकांना काचेच्या खोलीत बसवून तिनं दार लावलं. मायलेकी बाहेर तिच्या टेबलामागे बसल्या. आतल्या स्पीकरमधून एक आवाज पंचवीस शब्द म्हणणार, काकांनी तो तो शब्द परत म्हणायचा आणि तिनं कागदावर बरोबर-चूक मांडायचं.

तो आवाज त्याचा होता. तोही इथेच काम करायचा. चार वर्षांपूर्वी ती यादी त्यानं याच काचेआड बसून म्हटली होती, आणि बाहेर बटणांपाशी होती ती. चाचणीत तिच्या हेडफोनमध्ये यंत्रातला आवाज येई, आणि पेशंटचा टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. यंत्रातला आवाज तिनं आठ महिन्यांपूर्वी शून्यावर आणला, तो पुन्हा वाढवलाच नाही. यंत्रावरचा दिवा लागला की शब्द गेला असं समजायचं. त्याला रोज सगळे ऐकायचे, एक ती सोडून. एकदा जरी ऐकला तरी आपण कोसळू, तेही या हसऱ्या माणसांसमोर, ही तिची भीती.

यादीत एक चूक होती. ध्वनिमुद्रण चालू असताना टेबलावर ऊन आलं, म्हणून ती हेडफोन काढून पडदा ओढायला उठली होती. काचेआडून त्यानं हात वर केला आणि त्याचे ओठ हलले, "थांब." ध्वनिमुद्रणात हलायचं नाही हा नियम. ती ओशाळून बसली. नंतर म्हणाली, "पुन्हा करू या ना." तो म्हणाला, "राहू दे गं." ती चूक पुसून टाक म्हणून तिनं दहादा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ! मग काय, बाराव्या शब्दानंतर प्रत्येक पेशंट इमानदारीत "थांब" म्हणायचा, आणि ती लगेच माइकवर सांगायची, "तो सोडा, पुढचा ऐका." चार वर्षं, न चुकता.

"माती," काका म्हणाले. "पाऊल. साबण."

कागदावरच्या एकेका बरोबर खुणेला मुलगी आईचा हात दाबत होती.

"दोरी," काका म्हणाले. हा बारावा.

मागून काकू लेकीला म्हणाल्या, "दहा वर्षांत यांच्याशी हळू बोलताच आलं नाही गं मला."

ती वळून काकूंकडे बघत राहिली.

"थांब," आतून काका म्हणाले.

माइकच्या बटणाकडे तिचा हात उशिराच गेला.

"अशीच," काका म्हणाले.

तिनं मान वर केली. माइकवर विचारलं, "काय म्हणालात?"

"अशीच. आधी थांब म्हणाला, मग हळूच अशीच. तोंड फिरवून बोलला असणार."

"कान आले नाहीत तोच पुड्या सोडायला लागले!" काकू म्हणाल्या.

पण तिला हसण्यावारी नेता येईना. नसलेले शब्द ऐकू येत असतील तर मशीनचा आवाज उतरवायला हवा, आणि शब्द खरंच असेल तर उतरवून चालणार नाही. दहा वर्षांनी आलेले कान होते ते. खात्री करायची तर ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तिनं यंत्र मागे नेलं. मग शून्यावरचं आवाजाचं बटण फिरवलं.

"दोरी," तो म्हणाला.

ती कोसळली नाही. आवाज जसाच्या तसा होता, थोडा सर्दी झाल्यासारखा, आणि इतका जवळ की ती खुर्चीत सरसावून बसली.

"थांब."

कापड सळसळलं. मग अगदी हळू, माइकपासून लांबून, "अशीच."

यादीतले शब्द कुणालाच उद्देशून नव्हते. हा मात्र एका बाईला म्हटलेला होता, पडद्यापाशी उन्हात उभ्या असलेल्या बाईला. तो रागावला नव्हता. तो बघत होता. आणि चार वर्षं, रोज, नेमक्या त्याच क्षणी मध्ये बोलून तिनंच तो शब्द झाकला होता. बाई गं! ज्यांना धड ऐकू येत नाही त्या शेकडो माणसांसमोर तो बोलत राहिला होता. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना.

काकांनी काचेवर टकटक केलं. "काय ताई? बरोबर की चूक?"

"बरोबर."

"बघ!" काका बायकोकडे पाहून ओरडले. मग नवलानं म्हणाले, "पण म्हणतोय कुणाला तो?"

तिनं माइक जवळ ओढला.

"मला," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, तरी काकांना ऐकू आलं.