कानसेनांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जपानमध्ये घडलेली, दोन दारांची, बुटकी, आणि आता पार दमलेली. काही वर्षांपूर्वी मी दिसायच्या आधी ऐकू यायचे. मी गल्लीच्या तोंडाशी वळले की झोपलेली तान्ही बाळे दचकून उठत आणि त्यांच्या आया खिडकीत येऊन माझ्या मालकांचा उद्धार करत. त्यांना मी कधी दोष दिला नाही. माझा आवाज मलाही नकोसा झाला होता. तो एवढा का वाढला, हे कोणी मला विचारले नाही. म्हणून आज आपणहून सांगते.

माझा जन्म एका मोठ्या, उजळ कारखान्यात झाला. तिथे कोणी कोणावर ओरडत नसे. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझे इंजिन बसवले आणि त्याला टर्बो जोडला. टर्बो म्हणजे काय, तेही सांगते. इंजिनातून गरम धूर बाहेर पडतो ना, त्याच्या जोरावर एक छोटी चक्री फिरते. तिला जोडलेली दुसरी चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. मग गाडी अशी सुसाट सुटते की बसणाऱ्याची पाठ सीटला चिकटते. चक्रीने वेग घेतला की एक बारीक शिट्टी वाजते. ती शिट्टी म्हणजे माझा दागिना होता. त्या काळी मी बाकी अगदी गुणी मुलीसारखी हळू बोलत असे.

जहाजातून उतरल्यावर मला एका दंतवैद्याने घेतले. घेतले हौसेने, पण त्यांचे पोट आणि माझे स्टिअरिंग यांचे कधी जमले नाही. बरीच वर्षे मी कापडाखाली झाकून उभी राहिले. टायर बसले, उंदरांनी वायरी कुरतडल्या.

मग माझे मालक आले. ते पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर काम करत. मला बघायला आले तेव्हा त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन चालू करायला लावले आणि आत बघायचे सोडून चक्क डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "दुसरा प्लग गेलाय. पट्टा सैल आहे. बाकी बाई ठणठणीत!" एवढ्या परीक्षेवर त्यांनी मला घरी नेले.

घराला लागून पत्र्याची शेड होती. सुट्टीच्या दिवशी मालक आणि त्यांचा मेहुणा तिथे माझ्या खाली आडवे होत. मेहुणा गाड्या रंगवायचा धंदा करी आणि तोंडाने सतत बोलत राही. दोघांनी मिळून माझी उंची आणखी कमी केली, हवा थंड करणारी मोठी जाळी पुढे बसवली, जुन्या सीट काढून अंगाला धरून ठेवणाऱ्या सीट घातल्या. मालकीणबाई पहिल्यांदा आत बसल्या तेव्हा म्हणाल्या, "बसायला ठीक आहे हो, पण उठवायला दोन माणसं बोलवा." त्या औषधांच्या दुकानात काम करत. त्यांच्या जिभेवर गिऱ्हाइकांच्या गमती तयारच असत.

दर रविवारी बाजारामागच्या मोकळ्या मैदानावर अशा हौशी लोकांच्या गाड्या जमत. बॉनेट उघडी टाकून माणसे एकमेकांच्या इंजिनात डोकावत, नव्या नळीचे कौतुक करत, दुसऱ्याच्या नळीला नाके मुरडत. कोणाच्या गाडीत काही बिनसले की तो माझ्या मालकांना हाक मारी. मालक मान तिरकी करत, डोळे मिटत आणि दुखणे सांगत. ते खरे निघे. मैदानावर त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाणे ऐकणाऱ्या दर्दी माणसाला म्हणतात ना, तसे हे इंजिनांचे कानसेन. कारखान्यात ते मशीनवरचे एक कामगार होते, कोणीही यावे आणि कामाला लावावे. ही पदवी मात्र त्यांची स्वतःची होती, आणि ती त्यांना फार प्रिय होती.

परत येताना आम्ही टेकडीचा रस्ता घेत असू. वळण संपले की मालक पाय दाबत, शिट्टी वाजे आणि मी झेपावत असे. तेवढ्यातही मालकीणबाई बोलत असत. "काल एकजण येतो आणि म्हणतो, ती पिवळी गोळी द्या. म्हटलं कशावरची? तर म्हणे, आमच्या शेजारणीला लागू पडली ना, तीच!" मालक इतके हसत की मला वेग कमी करावा लागे. माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस, मित्रांनो.

मग हळूहळू काहीतरी बिघडले. माझ्यात नाही, त्यांच्यात. मला ते सगळ्यांच्या आधी कळले. माझा पट्टा सकाळी किंचाळू लागला होता आणि मालक खुशाल गुणगुणत मला बाहेर काढत होते. हेच मालक पूर्वी दाराच्या खणात एखादे नाणे हलले तरी थांबून शोधत. पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांनी इतकी वर्षे त्यांच्या कानांवर घाव घातले होते. त्या घावांनी आधी बारीक आवाज गेले. माझी शिट्टी तर सगळ्यांत बारीक.

एक दिवस ते मेहुण्याला म्हणाले, "टर्बो बसला रे हिचा. शिट्टीच येत नाही."

"येतेय की, भावजी."

"तुला काय कळतंय? तू आपला रंग बघ."

आणि माझा चांगला धडधाकट टर्बो उतरवला गेला. त्याच्या जागी मोठा आला. पहिल्याच फेरीत मेहुणा जागच्या जागी उडाला. "वा, भावजी! शिट्टी ऐका! अंगावर काटा आला!" मालकांनी थोडी वाट पाहिली. मग मान डोलावली आणि म्हणाले, "हं. आता कसं!" स्टिअरिंगवरची त्यांची पकड घट्ट झाली होती. त्यांना काहीही ऐकू आले नव्हते.

तिथून माझे हाल सुरू झाले. मागची नळी काढून मनगटाएवढी नळी बसवली, मग दंडाएवढी. सायलेन्सर नावापुरता उरला. पाय उचलला की मोठ्याने फुस्स करणारी झडप आली. तो जाडाभरडा आवाज मालकांना अजून थोडा ऐकू येई, निदान छातीत जाणवे, आणि तेवढ्याने त्यांना आपले कान शाबूत आहेत असे वाटे. टर्बोने हवा किती दाबायची, तेही ते वाढवत राहिले. लोक म्हणत, या वयात काय ही मिरवायची हौस! मी ओरडून ओरडून थकले. दुसऱ्याच्या समाधानासाठी दिवसभर ओरडणे किती दमवणारे असते, ते ज्याचे त्यालाच कळते.

मैदानावर एकदा एक बेकरीवाला आपली गाडी घेऊन आला. त्याच्या इंजिनात काहीतरी घासत होते. मला पलीकडे उभे राहून ऐकू येत होते. मालकांनी नेहमीसारखी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि सांगितले, "काही नाही. झकास आहे. पळवा." बेकरीवाल्याची गाडी त्याच संध्याकाळी दोरीने ओढून आणावी लागली. कोणी तोंडावर काही बोलले नाही. पण पुढच्या रविवारपासून मालक घरीच राहू लागले. "तिथे धूळ फार असते," असे सांगत.

सर्वांत वाईट झाले ते मालकीणबाईंचे. त्या काही सांगत तेव्हा मालक "हं, हं" करत आणि हसायच्या जागी हसत नसत. विचारले एक की उत्तर भलतेच. त्यांना वाटले, नवऱ्याला आपल्या बोलण्यात रस उरला नाही. मग त्यांनी गिऱ्हाइकांच्या गमती सांगणे सोडले. माझ्यात बसल्या तरी खिडकीबाहेर बघत बसत. मला सगळे ठाऊक होते आणि सांगायला तोंड नव्हते. जे तोंड होते, त्यातून नुसती डरकाळी निघे.

एका दुपारी दोघे कोणा नातेवाइकाकडे निघाले होते. टेकडीच्या चढाला मालकांनी पाय दाबला आणि माझ्या आत टकटक सुरू झाली. डब्यात खडे हलवावेत तशी. हवा फार दाबली गेली की पेट्रोल वेळेआधी पेटते आणि इंजिन असे ठोकू लागते. ऐकणाऱ्याने लगेच पाय काढायचा असतो, नाहीतर आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, फुटतो. मी जिवाच्या आकांताने ठोकत होते.

"अहो, कसला तरी आवाज येतोय," मालकीणबाई म्हणाल्या. मालकांचा पाय तसाच दाबलेला.

"अहो! टकटक होतंय काहीतरी!"

"छान ओढतेय ना?" मालक हसून म्हणाले.

त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इंजिनाची नस ओळखणारा माणूस, आणि त्याला हे ऐकू येऊ नये? त्यांनी मालकांचे मनगट धरले आणि कडेला घ्यायची खूण केली. मालकांनी मला थांबवले. इंजिन चालूच होते.

"काय झालं? मळमळतंय का?"

मालकीणबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवले आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "मी आता माहेरीच राहायला जाते."

"पाणी? मागे आहे बघ बाटली," मालक म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. पुढे वाकून त्यांनी किल्ली फिरवली आणि मी बंद पडले.

"अगं! टर्बो गरम आहे, अशी एकदम बंद नसते करायची!" मालक ओरडले. ते खरेच आहे. पण त्या दिवशी गप्प व्हायला मिळाले आणि मला जे बरे वाटले, ते काय सांगू!

टेकडीवर दुसरी गाडी नव्हती. वारा पडलेला होता. मालकीणबाई पुन्हा खिडकीकडे वळल्या आणि तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणाल्या. मालक आणखी रागावणार होते, तेवढ्यात त्यांची नजर काचेवर गेली. मेहुण्याने तिच्यावर काळी फिल्म लावली होती. त्या काळ्या काचेत बायकोचा चेहरा दिसत होता आणि तिचे ओठ हलत होते. मालकांनी माझ्या काट्यांकडे पाहिले. सगळे काटे खाली बसले होते. आता दोष द्यायला मीसुद्धा उरले नव्हते.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारले.

हे त्यांनी पुष्कळ दिवसांत विचारले नव्हते. विचारायचे म्हणजे ऐकू आले नाही हे कबूल करायचे, म्हणून ते मान डोलावून वेळ मारून नेत आले होते.

मालकीणबाई त्यांच्याकडे तोंड करून बसल्या. "माहेरी राहायला जाते म्हटलं."

"का?"

"इथे बोलायला कोणी नाही."

मालकांनी माझ्या स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "टर्बो बदलला ना, तेव्हाच कळलं होतं मला. नव्याचीही शिट्टी येईना."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? कानसेनाला ऐकू येत नाही म्हणून सांगू? हसतील सगळे."

"मी हसले असते का? मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला." आणि त्या रडू लागल्या. रडण्याचा आवाज मालकांपर्यंत पोहोचला की नाही, मला ठाऊक नाही. पण या वेळी ते त्यांच्याकडे बघत होते.

घरी परतताना मालकीणबाई माझे ऐकत बसल्या. टकटक आली की त्या मालकांच्या हातावर बोट आपटत आणि मालक लगेच पाय काढत. अशा रीतीने आम्ही तिघे हळूहळू घरी पोहोचलो.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि मालकांच्या कानामागे छोटी यंत्रे बसली. ती लावून त्यांनी मला पहिल्यांदा चालू केले तेव्हा ते चार पावले मागे सरले. "अरे बापरे! ही एवढी ओरडते?"

"गल्लीला विचारा, भावजी," मेहुणा म्हणाला.

दोघांनी मिळून मला एक साधी, गप्प नळी बसवली. सगळे काही भरून आले नाही. माझ्या दट्ट्याला पडायचा तो चरा पडलाच, पूर्वीची ओढ आता माझ्यात नाही. माझी शिट्टीही मालकांना पुन्हा नीट ऐकू आली नाही. मैदानावर मात्र ते जाऊ लागले. तिथे ते सरळ सांगतात, "मला बारीक ऐकू येत नाही. आवाज कसा येतोय, तुम्हीच करून दाखवा." मग चांगली दाढीमिशीवाली माणसे गाडीपुढे उभी राहून तोंडाने खर्र-खर्र, चुई-चुई, टिकटिक करतात, आणि मालक त्यावरून दुखणे ओळखतात. बेकरीवाला तर इतका मन लावून करतो की मालकीणबाईंची हसून पुरेवाट होते.

मी आता बहुतेक वेळ शेडमध्येच असते. तेल वेळेवर बदलावे आणि फार पळवू नये, याहून माझे काही मागणे नाही. मित्रांनो, तुमच्याकडे मात्र एक मागते. तुमच्याही घरात कोणी टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, भलतीच उत्तरे देत असेल, सगळे हसले की मागून हसत असेल. त्याच्यावर खेकसू नका. न ऐकलेल्या गोष्टींना मान डोलावून तो किती दमला असेल, ते मला विचारा. त्याला तुमचे तोंड दिसेल असे समोर बसा. आणि एखाद्या दिवशी धीर करून त्याने "काय म्हणालास?" असे विचारले, तर "जाऊ दे, काही नाही" असे म्हणू नका. पुन्हा सांगा.