घोड्याखालचं रिकामं घर

सासऱ्यांनी सहावं काडतूस भरलं, आणि ते फक्त मला दिसलं.

त्यांच्या पणजोबांचं १८८३ सालचं रिव्हॉल्वर घेऊन ते दर शनिवारी त्यांच्या जुन्या मित्राच्या, लाइल हचिन्सच्या कुरणात नेमबाजीला जातात. त्याच्या चक्रीला घरं सहा, पण इथे ओक्लाहोमात असल्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये सहा कुणी भरत नाही. एक भरायचं, एक सोडायचं, मग चार. काडतुसावर आपटणारा घोडा उतरवायचा तो रिकाम्या घरावर. नाहीतर कमरेला असताना नुसता धक्का लागला तरी बार उडतो. लग्नाच्या आठवड्यात हे मला त्यांनीच शिकवलं होतं. आणि टेबलापासून नेम धरायच्या जागेपर्यंत चालत जाताना ते टेसला कडेवर घेतात, तिथे माझ्याकडे देतात. टेस, माझी लेक, दहा महिन्यांची आहे.

घरी आल्यावर मी नवऱ्याला, वेडला म्हटलं, "ते रिव्हॉल्वर फार जुनं झालंय. घोडा अडवणारी खाच झिजली असेल. कपाटात ठेवू या ना." सासरे, आमचे पॉप, विसरतात, असं सरळ म्हणायची माझी छाती झाली नाही. सासूबाई गेल्यापासून शनिवार हाच त्यांचा एक दिवस उरला होता.

वेड हसला. "लाइलकाकांनी भरवलं का तुझ्या डोक्यात?"

लाइलकडे काचेआड एकतीस पिस्तुलं आहेत. एकही तो झाडत नाही, हातमोज्यांशिवाय शिवतही नाही. वीस वर्षं त्याची आणि पॉपची यावरूनच जुंपते.

"तुझी पिस्तुलं म्हणजे पेंढा भरलेले ससे आहेत, लाइल."

"आणि तू पणजोबाला शर्यतीत पळवतोयस, ऑरव्हिल."

पंधरा दिवसांनी पॉप कारागिराकडून रिव्हॉल्वर घेऊन आले. नवा घोडा, नव्या स्प्रिंगा. जुना घोडा तंबाखूच्या डबीत.

"मूळचा घोडा काढलास?" लाइल मटकन खुर्चीत बसला. "आता अर्धं रिव्हॉल्वर उरलं."

"सुनेला भीती वाटतेय, असं वेडने सांगितलं," पॉप म्हणाले. "आता आणखी शंभर वर्षं बघायला नको. कारागीर म्हणाला, फक्त पाचच भरा." त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

मग मात्र मी वेडला खरं ते सांगितलं: पॉपनी सहाही घरं भरली होती, आणि बारही मी सहा मोजले होते. तो भांडी पुसत होता.

"सहा बार झाले, हे नक्की? टेसला सांभाळत मोजलेस ना?"

"हो."

"एखादा लांबून कुठून तरी आला असेल." पुसून झालेलं भांडं त्याने पुन्हा पुसायला घेतलं.

पुढच्या शनिवारी टेसला मी गाडीपाशी वेडकडे दिलं आणि स्वतः टेबलाजवळ उभी राहिले.

"पॉप, आज मी भरू?"

"का? माझे हात गळून पडलेत?"

त्यांनी एक भरलं. अंगठा थांबला. ओठ हलले. मग लगेच पुढच्या घरात दुसरं.

"पॉप, एक सोडायचंय."

"सोडलं ना."

"घ्या," लाइल हसला. "आता ऑरव्हिलला सूनबाई शिकवणार."

पॉपही हसले, पण त्यांची मान लाल झाली. लाइलसमोर मी आणखी काय बोलणार होते? त्यांनी रिव्हॉल्वर कमरेला लावलं आणि टेसला घ्यायला गाडीकडे वळले. मी धावत मध्ये गेले. टेसला भूक लागलीय म्हणाले. ते एकटेच निशाण्याकडे गेले.

सहा बार झाले.

पॉपनी रिकाम्या पुंगळ्या तळहातावर काढल्या आणि तिथेच उभे राहिले. धूर विरला तरी ते हाताकडेच बघत होते.

"पॉप, कसं चालतंय नवं लोखंड?" वेडने हाक दिली.

"झकास."

त्यांनी एक पुंगळी शर्टाच्या खिशात टाकली. माझ्यासमोर येऊन हात पुढे केला.

"मोज, पोरी."

लाइल बघत होता, वेड बघत होता. पॉप मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते.

"पाच," मी म्हणाले. वेडला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"झालं समाधान?" वेड म्हणाला.

पॉप पुन्हा काडतुसं घेऊन टेबलाशी बसले. मी टेसला उचललं आणि मध्ये गाडी राहील अशी तिच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले.