वाऱ्याची उसंत

दुपारी एकच्या सुमारास वारा थांबला. थांबला म्हणजे असा, की माडाची झावळीसुद्धा हलेना. दिवेआगरच्या वाड्या सकाळपासून पिळून काढणारं ते वादळ एकाएकी गेलं तरी कुठे?

"टळलं एकदाचं!" म्हणत भाऊंनी पडवीतली शिडी भिंतीला लावली आणि पासष्टीचा हा गडी सरसर छपरावर चढलासुद्धा. चार कौलं सरकली की याचा जीव थाऱ्यावर राहील तर शपथ! आता घर धो धो गळत होतं, तेही खरंच म्हणा.

त्यांची बायको अनुसूया अंगणात आली नि वर बघतच राहिली. डोक्यावर निळंशार आभाळ, ऊन, आणि चहूबाजूंनी काळ्या ढगांची भिंत. विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघावं तसं. त्या गोल आभाळात शेकडो समुद्रपक्षी मुकाट घिरट्या घालत होते. बाई गं, केवढं हे! तिच्या अंगावर सरसरून काटा आला. घाबरायचंही राहून गेलं.

मग पुतण्याचा सकाळचा फोन आठवला. अलिबागेहून सलिल कळवळून सांगत होता, "काकू, मध्येच शांत होईल, फसू नका. तो वादळाचा डोळा. नंतर उलटा वारा येईल, समुद्राकडून."

"अहो, उतरा खाली! सलिल काय म्हणाला होता?"

"त्याला काय कळतंय? दहाच कौलं राहिलीत."

समुद्राकडून घरघर ऐकू येऊ लागली. पश्चिमेची भिंत जवळ सरकत होती. अनुसूयेने पदर खोचला. "मग मीच येते हात लावायला," म्हणाली, आणि गुडघ्यांनी जेरीस आलेली ती बाई खरोखर शिडी चढू लागली.

"अगं, खुळी की काय तू! पडशील! उतर आधी!" ओरडत भाऊंनी तिला खाली उतरायला लावलं आणि तिच्या पाठोपाठ स्वतःही उतरले.

दाराला अडसर घातला, तोच तो उलटा वारा आला. दोघं माजघरात एकमेकांना घट्ट धरून बसली. भाऊ मघाशी बसले होते तो छपराचा भाग वाशांसकट उडून गेला.

संध्याकाळी दार ढकललं, तर वाडी आडवी. चाळीस वर्षं ज्या अंगणात नुसती गाज ऐकू यायची, तिथून फेसाळता समुद्र लख्ख दिसत होता. "एवढा जवळ होता हा?" भाऊ पुटपुटले. शिडी उरलेल्या एकुलत्या माडाच्या शेंड्यात अडकली होती. ती बघून त्यांनी हात जोडले.

"वाऱ्याला जोडताय?"

"वाऱ्याला कशाला? तुझ्या गुडघ्यांना," भाऊ म्हणाले, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.