सुंदराबाईंचा कट्टा

गिरगावातल्या आपल्या सोसायटीच्या स्मरणिकेसाठी चिंतामणी नेन्यांनी एक विनोदी लेख लिहिला. फोनवर वेळ सांगणाऱ्या सेवेचा इतिहास, आणि तोही सगळा मनचा. म्हणे पूर्वी परळला सुंदराबाई नावाच्या बाई घड्याळासमोर बसून फोन करणाऱ्या प्रत्येकाला स्वतः वेळ सांगायच्या. त्यांना शिंका आल्या की लालबागची वेळ थांबायची. त्या हळदीकुंकवाला गेल्या, तर परळभर संध्याकाळपर्यंत साडेचारच वाजलेले! दादरला वेळ सांगणाऱ्या बाई मात्र आधी "कोण आपण?" विचारायच्या, आणि उत्तर शुद्ध नसेल तर फोनच ठेवायच्या.

सोसायटीत कोणी हसलं नाही. तेवढं नेन्यांनी गिळलं. पण महिन्याभरात तोच लेख व्हॉट्सॲपवरून त्यांच्याकडे परत आला. 'विनोदी' हा शब्द गायब, नेन्यांचं नाव गायब, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग.

"चोर लेकाचे!" नेने कडाडले. "हात जोडायला येतात, नाव टाकायला येत नाही!"

"निदान वाचला तरी कोणीतरी," लतिकाताई भाजी निवडत म्हणाल्या. नवऱ्याचा लेख त्यांनीही वाचला नव्हता.

त्यात बातमी आली की लालबागचं एक मंडळ सुंदराबाईंच्या नावाने कट्टा बांधतंय. उद्घाटनाच्या दिवशी नेने तरातरा तिथे पोचले आणि मंडळाच्या अजितच्या हातातून माईकच घेतला.

"ही बाई नव्हतीच! मी रचलीय तिला!"

"काका, असं नका ना बोलू," अजित कुजबुजला. "लोकांच्या भावना आहेत."

पुढच्या खुर्चीतल्या राधाबाई काठी टेकत उठल्या. "नव्हती? गिरणीत पाळीला जाताना मी रोज वाण्याकडून फोन लावायची. 'राधे, पळ, भोंगा होतोय,' म्हणायची ती. मग मी काय भुताशी बोलत होते?"

"पण ती कोणाला नावाने हाक मारायची, असं मी लिहिलेलंच नाही!"

"कसं लिहिणार? तुम्हाला कुठे माहीत होतं!"

टाळ्या पडल्या. नेन्यांचे कान लाल झाले. तेवढ्यात पडदा सरकला आणि पाटी दिसली: 'सुंदरीबाई कट्टा'.

"सुंदरी?" नेने किंचाळले. "अरे, सुंदरा! रा! रा! आत्ताच्या आत्ता पेंटर बोलवा. तोवर नारळ फुटणार नाही!"

"नक्की सुंदराच ना, काका? पुरावा काय?"

"पुरावा? अरे, बाई माझी आहे!"

राधाबाईंनी मान डोलावली. "बरोबर बोलतायत ते. सुंदराच." अजित पेंटरला फोन लावू लागला.

पेंटर येईपर्यंत नेने राधाबाईंच्या शेजारी धुमसत बसले.

"तुम्हीपण लावायचात वाटतं तिला फोन?" राधाबाईंनी हळूच विचारलं.

"कधीमधी," नेने घुश्शातच म्हणाले.