एकशे अठ्ठावीस जिलेब्या

शर्त दीपकनंच लावली. मी फक्त त्याला चावी दिली.

सिंधीपुऱ्यात माझं भंगारचं दुकान, समोर दीपकचं कॉम्प्युटरचं. माझी लेक तृप्ती ड्रोननं दापोऱ्याच्या केळीबागांचे फोटो काढते. तीन हजार फोटो जोडून एक नकाशा करायचा, मग कुठल्या बागेत रोग शिरला ते दिसतं. पण तिचा कॉम्प्युटर अर्ध्यातच मान टाके. मेमरी कमी. रविवारपर्यंत बागवाल्यांना नकाशा दिला तर अख्ख्या हंगामाचं काम तिचं. नाही तर इंदूरची नोकरी. लेक इंदूरला गेली तर मी भांडू कोणाशी?

"एकशे अठ्ठावीस जीबी पाहिजे," तृप्ती म्हणाली.

दीपक खो-खो हसला. "दोन लाख लागतील. का तुझी आई भंगारातून काढून देते?"

"वीस हजारात काढते," मी म्हटलं.

गल्ली गोळा झाली. दीपकला चेव आला. "काढलं ना ताई, तर भर चौकात दर जीबीमागं एक मावा जिलेबी वाटीन, अन् दर जिलेबीला ओरडीन, 'भागीरथीताई जिंकली!' हरलीस तर?"

"महिनाभर रोज सकाळी चौकात उभी राहून म्हणीन, 'दीपकभाऊ लई हुशार.'"

बोलून बसले, पण हरले तर खरंच म्हणावं लागणार होतं. इतकं खोटं मी जन्मात बोलले नव्हते.

एका बंद पडलेल्या ऑफिसचा जडशीळ कॉम्प्युटर दोन वर्षं माझ्याकडं पडून होता. मी त्यावर बसून चहा प्यायची. तृप्तीनं उघडला अन् किंचाळली, "मम्मी, मेमरीच्या आठ जागा!" मोठ्या कंपन्यांच्या मशीनीतल्या मेमरीच्या जुन्या पट्ट्या साध्या कॉम्प्युटरला बसत नाहीत, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. याला मात्र बसत होत्या. इंदूरहून सोळा-सोळा जीबीच्या आठ मागवल्या, वीस हजारांच्या आतच. झाकण माझ्या बसण्यानं चेपलेलं, तर केळीचा खोका उपडा घातला. हवेला भोकं तयारच!

शनिवारी चालू केला. एकशे बारा. एक पट्टी मोजतच नव्हती. तृप्तीचं तोंड एवढंसं झालं.

दीपक चहाचा ग्लास घेऊन हजर. "ताई, गळा साफ ठेव. उद्यापासून ओरडायचंय."

मी उसासा टाकला. "जाऊ दे तृप्ती, मेली ती पट्टी. कोणाला जमणार नाही. दीपकला तर नाहीच, तो काय, नुसते डबे विकतो."

"कोण डबे विकतो?" ग्लास आदळला. "प्लग काढ! खोडरबर आण!"

पट्टीची सोनेरी कड खसाखसा घासली, फुंकर मारली, दोन्ही टोकं खट्कन दाबून बसवली. "लाव आता! याला म्हणतात हात!"

एकशे अठ्ठावीस.

गल्लीनं शिट्ट्या मारल्या. सगळ्यात आधी टाळी दीपकनंच वाजवली. दुसरी वाजवायला गेला, तर हात हवेतच राहिले.

रविवारी दुपारी नकाशा गेला, संध्याकाळपर्यंत काम पक्कं. चौकात दीपक परात घेऊन उभा. "भागीरथीताई जिंकली!" चाळिसाव्या जिलेबीला त्याचा आवाज बसला. मी तिसऱ्यांदा लायनीत लागले.

"ताई, तू आत्ताच घेतलीस ना?"

"ती तृप्तीची होती. ओरड."

शेवटची जिलेबी मी त्याच्याच तोंडात कोंबली. सोळा जीबी तर त्यानंच बसवले होते! पण आधी ओरडायला लावलं.