हलकाच कशाला हवा?

लॅपटॉप घ्यायला निघताना सैराकाननं कारखान्याचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि मग सुनेच्या पिशवीत डोकावून घेतलं. पाण्याची बाटली, रुमाल, कागदात गुंडाळलेले चार बोर्सोक, तळलेल्या पिठाचे. काही वावगं नव्हतं. तरी तिचं मन निवलं नाही. ज्या बाईला घरातून काही न्यायचं असतं ती पिशवी भरून निघत नाही, एवढं ती कालिपाकडून शिकली होती.

कालिपा तिच्या शिवणकारखान्यात कापड कापायला होती. एका ताटातलं खाल्लेली बाई. एका वसंतात पाठ दुखते म्हणून कामावर यायची थांबली, आणि उन्हाळ्यात मोठ्या बाजारातल्या सैराकानच्या गाळ्याशेजारच्या रांगेत तिचेच झगे टांगलेले दिसले. तोच मुंढा, तोच गळ्याचा उतार, बटणं तेवढी निराळी. पुठ्ठ्याचे पॅटर्न तिनं कोटाच्या अस्तरातून एकेक करून नेले होते. सैराकाननं आयुष्यभर कापून, चुकून, पुन्हा कापून बसवलेले पॅटर्न. कारखाना म्हणजे तेच. शिलाई यंत्रं काय, बिश्केकमध्ये गल्लोगल्ली आहेत.

तेव्हापासून पॅटर्नच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची. पण आता पॅटर्न खोलीत राहिले होते कुठं? सून बुरुलचा ते एकामागून एक लॅपटॉपमध्ये घालत होती. तो लॅपटॉप मुलाचा, एर्मेकचा. तो बांधकामाच्या कामाला रशियात गेला तेव्हा मागं ठेवून गेलेला. आता तो समोवारासारखा तापायचा आणि कापडावर तुकडे बसवताना मध्येच मान टाकायचा. शाळेच्या झग्यांची मागणी तोंडावर आली होती. नवा घ्यायलाच हवा, हे सैराकाननं मान्य केलं होतं. कुठला घ्यायचा, तिथं घोडं अडलं होतं.

चहा ओतताना, नजर वर न करता, बुरुलचा सासूला म्हणाली होती, "अपा, हलका बघू या. बॅटरी दिवसभर चालेल असा. आणि रॅम सोळा जीबी."

झालं. त्या तीन गोष्टी सैराकानच्या डोक्यात बसल्या त्या बसल्याच. हलका कशाला? कापायचं टेबल काही चालत नाही. बॅटरी कशाला? वीज गेली की शिलाई यंत्रंही गप्प बसतात, मग लॅपटॉपनं एकट्यानं काय दिवे लावायचे? आणि सोळा? शेजारच्या हिशेबनीस बाईचं आठ जीबीवर सगळं ऑफिस चालतं. हलकं, दूरवर चालणारं, सगळं पोटात मावेल असं. हे कामाचं सामान नव्हे, हे प्रवासाचं सामान, असं सैराकानला वाटलं.

शहराच्या मध्यावरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नुसत्या लॅपटॉपचीच दुकानं. बुरुलचा इकडं तिकडं न बघता सरळ कोपऱ्यातल्या गाळ्याकडं वळली. सैराकाननं ते टिपलं.

दुकानदार कुबान, चाळिशीकडं झुकलेला, पोट सुटलेला माणूस. तो उठून उभा राहिला. "या अपा, बसा." मग बुरुलचाकडं वळून, वयानं लहान बाईलाही ताई म्हणायच्या दुकानदारी सवयीनं, तो म्हणाला, "सलाम एजे. परवा बघितलेला बाजूला काढून ठेवलाय तुमच्यासाठी."

बुरुलचाचे कान लाल झाले.

"परवा?" सैराकान म्हणाली. "परवा तर ही दोरे आणायला गेली होती."

"दोरेही आणले, अपा," बुरुलचा हळूच म्हणाली.

"दिसले मला. वेळ बराच लागला तेव्हा." सैराकान स्टुलावर बसली. "कुठला रे तू?"

"नारिनकडचा, अपा."

"हीसुद्धा नारिनकडचीच." सैराकाननं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "बरं जमलं."

कुबान हसला. विकणाऱ्याचं हसू त्याच्याकडं तयारच असायचं. त्यानं राखाडी रंगाचा पातळ लॅपटॉप पुढं केला. "हा. वजन सव्वा किलो. सोळा जीबी रॅम, डिस्क पाचशे बाराची. पडदा चकाकत नाही, म्हणजे खिडकीपाशी बसलं तरी डोळ्यांना त्रास नाही."

सैराकाननं तो एका हातानं उचलला, तराजूत धरावा तसा. फारच हलका. बाईच्या कोटाखाली सहज जाईल. तिनं तो खाली ठेवला.

"तो कुठला?" तिनं मागच्या फळीवरच्या जाडजूड काळ्या लॅपटॉपकडं बोट केलं.

"तो? तो मोठा आहे अपा. पडदा मोठा, आठ जीबी. स्वस्त आहे, पण अडीच किलो भरतो. बॅटरी दोन-तीन तास. घरी ठेवून वापरायचा."

"घरीच ठेवायचाय. टेबलाला बांधून ठेवायची काही सोय असते का त्याला?"

"म्हणजे?"

"साखळी. कुत्र्याला लावतात तशी."

"असते की. कडेला भोक आहे, त्यात कुलपाची तार अडकते. ऑफिसवाले लावतात."

"मग हाच."

परक्यासमोर सासूचं बोलणं खोडायचं नाही, हे बुरुलचाला तिच्या आईनं लग्नात डोक्यावर रुमाल बांधतानाच सांगितलं होतं. ती इतकंच म्हणाली, "बरं, अपा."

पण तिच्या हाताची बोटं पिशवीच्या बंदाला पीळ देत होती. एवढ्या लवकर 'बरं' म्हणते म्हणजे मनात दुसरं काही शिजतंय, असं सैराकानला वाटलं.

"एक सांगू का अपा?" कुबान म्हणाला. "विकत घ्यायच्या आधी तुमचं काम याच्यावर चालवून बघा. कपडे शिवायचा प्रोग्रॅम माझ्याकडं घातलेलाच आहे, बरेच कारखानेवाले येतात. तुमचं सगळ्यांत मोठं काम लावा. नंतर येऊन माझ्या नावानं ओरडायला नको. एजे, आणलंय का काही?"

बुरुलचानं सासूकडं पाहिलं. मग पाठ फिरवून गळ्यात हात घातला. ताईत असतो तिथून, त्याच दोऱ्यातून, तिनं नखाएवढा पेन ड्राइव्ह ओढून काढला.

सैराकान ते बघत राहिली.

काळ्या लॅपटॉपवर शाळेचा झगा उघडला. समोरचा भाग, पाठ, बाह्या, गळपट्टी, लहानापासून मोठ्यापर्यंत सगळी मापं एकात एक. पडद्यावर तिचा मुंढा, तिच्या हातानं काढलेली ती वळणदार रेघ बघून सैराकान स्टूल ओढून पुढं सरकली. बुरुलचानं तुकडे कापडाच्या लांबीवर बसवायला सांगितलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरत राहिला. आतला पंखा घरघरायला लागला.

"हा तर आमच्या घरचाच," सैराकान म्हणाली.

"रॅम भरली, अपा. पण हे बघा, खोटं सांगणार नाही. याच्यात आणखी आठ घालता येते, मग पळेल. हलक्यात मागाहून काही घालता येत नाही, ती जोडूनच येते. म्हणून त्यात घेतानाच पुरेशी घ्यायची. कामाला दोन्ही चालतील. प्रश्न एवढाच, की कुठं बसून काम करणार? अट-बाशीला वीज गेली की हा काळा दुपारपर्यंतही..."

तो थांबला. जीभ चावली.

"अट-बाशी?" सैराकान म्हणाली. "माझा कारखाना बिश्केकात आहे. मध्येच अट-बाशी कुठून आलं?"

कुबाननं टेबलावरची धूळ पुसायला घेतली. धूळ नव्हतीच.

अट-बाशी म्हणजे बुरुलचाचं माहेर. सैराकान उठली. "तुझ्या गळ्यातलं ते काढ, दोऱ्यासकट इकडं दे. आणि बाहेर ये." बुरुलचानं दिलेला पेन ड्राइव्ह तिनं ताईतासकट मुठीत धरला.

जिन्याच्या कोपऱ्यात एक बाई माक्सिम, धान्याचं आंबवलेलं पेय, विकत होती. सैराकाननं दोन पेले घेतले, एक सुनेच्या हातात दिला, कारण रागातसुद्धा कुणाला कोरडं उभं ठेवायची तिला सवय नव्हती.

"आता बोल. इथं परकं कुणी नाही."

"अपा..."

"अपा अपा करू नकोस. हलका लॅपटॉप, दिवसभराची बॅटरी, मला न सांगता दुकान, गाववाला दुकानदार. कुठं निघालीस? कारखाना काढतेयस माहेरी?"

बुरुलचाचा पेला हातातच राहिला. तिचे डोळे भरून आले नाहीत. उलट तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

"आईचे डोळे जात चाललेत, अपा. हिवाळ्यापर्यंत काही दिसणार नाही म्हणतात. तिनं मला रुमाल बांधून पाठवलं तेव्हापासून बघितलेलं नाही."

लग्नानंतरची रीत सैराकानला ठाऊक होती. सुनेला सासरच्यांनी स्वतः, भेटवस्तू घेऊन, माहेरी पोचवायचं. त्याआधी तिनं आपणहून माहेरचा उंबरठा चढायचा नाही. ते पोचवणं राहून गेलं होतं. पहिल्या वर्षी वसंतातले झगे होते, मग एर्मेक गेला, मग कालिपाचं झालं. कारण दर वेळी खरंच होतं.

"मग मागायचं होतंस की."

"मागितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

सैराकाननं माक्सिमचा घोट घेतला. ती म्हणाली असती, जा, पण पॅटर्न कोण करणार? अगदी हेच शब्द.

"म्हणून आधी त्याची सोय केली," बुरुलचा म्हणाली. "तिकडं बसूनही काम चालेल असा लॅपटॉप बघितला. तिकडं वीज जाते, म्हणून बॅटरी. सहा तास गाडीत मांडीवर धरायचा, म्हणून हलका. कुबानदादांना मी सांगितलं होतं, आधी बोलू नका, मी सांगेन अपांना. त्यांच्या पोटात काही राहत नाही."

"ते दिसलं."

बुरुलचा हसली असती, पण सासू हसत नव्हती. सैराकाननं तळहात उघडला. पेन ड्राइव्ह तिथंच होता, ताईताच्या चामड्याला टेकून.

"हे कधीपासून गळ्यात आहे?"

"मागच्या हिवाळ्यापासून. जुना लॅपटॉप केव्हा मरेल भरवसा नव्हता. रोज काम संपलं की सगळं यात उतरवून ठेवते."

"सगळं?"

"सगळं. भिंतीवरचे झाडून सगळे. तुमच्या लग्नाआधीचा तो निळा झगासुद्धा."

मागचा हिवाळा. सैराकान पॅटर्नच्या खोलीला कुलूप लावत होती, कमरेची किल्ली चाचपत होती, सुनेच्या पिशवीत डोकावत होती. आणि सगळी खोली त्या सगळ्या काळात सुनेच्या गळ्यात होती. चहा ओतताना, पीठ मळताना, बाजारात जाताना. पळून जायला लॅपटॉप हलका असायची गरजच नव्हती. कुठल्याही दिवशी दोरे आणायला जाते म्हणून गेली असती तरी झालं असतं. आणि रोज परत येत होती.

हे लक्षात आलं तरी सैराकानचा जीव लगेच भांड्यात पडला नाही. इतक्या दिवसांचा संशय असा एका घोटात उतरत नाही. पण तिनं पेला बाईला परत दिला आणि दुकानाकडं वळली.

"हलका दे," ती कुबानला म्हणाली.

त्यानं राखाडी लॅपटॉप पुढं केला. तिनं चष्मा लावून कळा न्याहाळल्या. "ही रशियन अक्षरं कोरलेली दिसतात. मूळ कंपनीची नाहीत."

"बाहेरून येतो तेव्हा नसतातच, अपा. इथंच कोरून घेतो."

"म्हणजे उघडलेला आहे. कुणीतरी वापरून परत केलेला असेल."

"खोका न उघडता कोरणार कसं?"

"ते मला माहीत नाही. बंद खोका आण. माझ्यासमोर फोड. माझ्यासमोर कोर."

कुबाननं बुरुलचाकडं पाहिलं. बुरुलचानं खाली. तो हात जोडल्यासारखं करून आतून सीलबंद खोका घेऊन आला, आणि समोरच्या गाळ्यात ती तिघं कोरणाऱ्या यंत्रासमोर उभी राहिली. जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. सैराकान अक्षर न् अक्षर डोळ्यांखालून घालत होती.

"सोळाच आहे ना आत?" तिनं विचारलं. कुबाननं पडद्यावर आकडा उघडून दाखवला. तिनं बुरुलचालाही वाचायला लावला. मग पुन्हा स्वतः वाचला.

पिशवीत लॅपटॉप बोर्सोकच्या शेजारी गेला. आता पिशवी थोडी जड झाली होती. जिन्यापाशी सैराकान थांबली. मूठ उघडून तिनं दोऱ्यासकट पेन ड्राइव्ह सुनेच्या हातात ठेवला.

"घाल गळ्यात. दोरा झिजलाय, घरी गेल्यावर जाड घाल. शिलाईचा नको, बूट शिवायचा."

"बरं, अपा."

"शाळेचे झगे गेले की निघू. तुझ्या आईला गरम रुमाल घ्यायचाय, आणि कोटाचं कापड. रिकाम्या हातांनी पोचवलं तर नारिनची माणसं काय म्हणतील?"

बुरुलचा जिन्यातच थांबली. "तुम्ही येणार मला पोचवायला?"

"पोचवायला येणार." सैराकान कठड्याला धरून एक पायरी उतरली. "आणि परत आणायलाही मीच येणार."