राजाचा लिलाव

अणदूरच्या जत्रेतल्या नाटकाचा कारभार भागवतकडं होता. नाटकाला तिकीट लावायची चाल गावात नव्हती. खर्च निघायचा तो लिलावातून. ज्याची बोली मोठी त्याला राजाचं काम, आणि त्या पैशात मांडव नि स्पीकर. प्रधान-सेनापतीच्या बोलीवर पेटीवाला नि पडदे भागायचे. बोली लावणाऱ्याला काम जमतं का, हे कुणी विचारत नसे.

दरवर्षी राजा व्हायचे ते माणिकप्पा. यंदा त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पारावर लिलाव बसला. प्रधानाचं काम गेलं, सेनापतीचं गेलं, पण राजासाठी कुणी तोंड उघडेना. मांडववाला तर सकाळीच आगाऊ मागून गेलेला. भागवतनं पुन्हा एकदा राजाचं काम पुकारलं.

"माझे दहा हजार," मागून आवाज आला.

मेंढरं राखणाऱ्या हरणाबाई होत्या. साठी ओलांडलेल्या.

"नातवासाठी का, आक्का?" भागवतनं विचारलं.

"माझ्यासाठी. मेंढ्या इकल्यात."

पारावर हशा पिकला. हरणाबाई जागच्या हलल्या नाहीत. "तुमी बाप्ये लुगडं नेसून राणी होता, तवा म्या कधी हसले न्हाय," त्या म्हणाल्या.

भागवतनं तीनदा पुकारलं. पुढं कुणी गेलं नाही.

हरणाबाईंना वाचता येत नव्हतं. मग भागवत रोज माळावर जाऊन भाषणं वाचून दाखवी आणि त्या ती मेंढरांना ठणकावून ऐकवत.

नाटकाच्या दिवशी दरबार भरला आणि सेनापती भाषण विसरला. शिपाई गोंधळून एकमेकांच्या अंगावर पडू लागले. हरणाबाई सिंहासनावरून उठल्या, मेंढरं वळवताना घालतात तशी हाळी घातली, आणि सगळं सैन्य निमूट रांगेत उभं राहिलं. मांडव दणाणला. बक्षीस देणाऱ्यांची नावं पुकारता पुकारता पेटीवाल्याचा घसा बसला. बायकांच्या बाजूनं आजवर कधी बक्षीस आलं नव्हतं; त्या दिवशी कनवटीच्या गाठी सुटल्या. माणिकप्पांनी फोनवर नाटक बघत पाचशे पाठवले, वर "माझ्यापेक्षा बरा राजा" असा निरोप.

बक्षीस ज्याला मिळालं त्याचं, हा रिवाज. भागवतनं सकाळी सगळ्या नोटा हरणाबाईंपुढं ठेवल्या. त्यांनी मेंढ्यांपुरते पैसे पदरात बांधले आणि उरलेले परत सरकवले.

"बायका उघड्यावर बसत्यात, थंडीनं कुडकुडत्यात," त्या म्हणाल्या. "फुडल्या साली मांडव तिकडं वाढव."

भागवतनं तिथूनच मांडववाल्याला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो घासाघीस न करता बोलला, आणि पलीकडचा माणूस घाबरून विचारू लागला, "भागवतराव, तब्येत बरी हाय ना?"